निपाणीकडचा बॉक्स, खानापूरकडचा बॉक्स आणि एकच इमेज

दूध संकलन केंद्रांवर आमचा जो बॉक्स बसतो, त्याच्या पोटात सगळीकडे एकच बोर्ड आहे: बीगलबोन ब्लॅक, म्हणजे एका पाटीवर मावणारा छोटा लिनक्स संगणक. पोटाबाहेरचं मात्र गावागणिक बदलतं. बेळगावला लागून असलेल्या गावांत काटा नवा, फॅट मशीन नवं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल असा लाल आकड्यांचा डिस्प्ले. खानापूरच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथं डिस्प्ले नाही, पण बॅटरीवर चालणारं घड्याळ हवंच. निपाणी-चिक्कोडीकडे काही केंद्रांत काटा ओसरीवर आणि बॉक्स आतल्या खोलीत, म्हणून मधली वायर लांब आणि आरएस-४८५ ची, म्हणजे लांब अंतराला चालणाऱ्या सिरियल जोडणीची.

उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉपच्या मधोमध आमची एक खोली आहे. तिथं बसून या बॉक्सचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. काटा कुठल्या प्रकारचा, डिस्प्ले आहे की नाही, घड्याळ आहे की नाही, एवढ्या तीन प्रश्नांचेच आठ प्रकार होतात. प्रत्येक प्रकाराला वेगळी इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची सॉफ्टवेअरची पूर्ण प्रत, ठेवली तर कर्नलमधली (लिनक्सच्या गाभ्यातली) एक दुरुस्ती आठ ठिकाणी पोचवायची आणि कुठलं कार्ड कुठल्या गावाचं हे लक्षात ठेवायचं. मला ते नको होतं. इमेज एकच हवी, आणि काय जोडलंय ते बूटलोडरनं, म्हणजे कर्नलच्या आधी चालून त्याला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं, ठरवावं. हे सगळं यू-बूट हा आमचा बूटलोडर आणि डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) यांवरच्या ओव्हरलेवर कसं बसवलंय, ते लिहिते. कमांड इथं आपण तोंडानं म्हणतो तशा लिहिल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. पीसीत पीसीआय किंवा यूएसबीवर बसलेलं यंत्र ‘मी अमुक आहे’ असं स्वतःच सांगतं. एआरएम चिपमधला यूएआरटी (सिरियल पोर्ट) किंवा आयटूसी (छोट्या चिपा जोडायची दोन तारांची लाइन) कंट्रोलर असं काही सांगत नाही. तो कुठल्या पत्त्यावर आहे, कुठला इंटरप्ट वापरतो, कुठल्या पिनांवर बाहेर येतो, हे कर्नलला बाहेरून कळवावं लागतं. पूर्वी ते प्रत्येक बोर्डाच्या सी फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या एआरएमच्या पसाऱ्यावर उघडपणे वैतागले आणि त्यानंतर एआरएमकडची मंडळी झपाट्यानं डिव्हाइस ट्रीकडे वळली. कल्पना त्याहून जुनी, ओपन फर्मवेअर या जुन्या बूट-पद्धतीच्या काळातली. त्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ चं. हार्डवेअरचं वर्णन मजकुरात (डीटीएस फाइलीत) लिहायचं, डीटीसी कंपायलरनं त्याची डीटीबी ही बायनरी फाइल करायची आणि बूटलोडरनं ती कर्नलच्या हातात द्यायची.

ओव्हरले म्हणजे या वर्णनावर चढवायचा छोटा तुकडा. जमिनीच्या उताऱ्यावर फेरफार नोंद पडते तसंच हे: मूळ फाइल जागेवर राहते आणि ‘अमुक नोडमध्ये (झाडाच्या एका फांदीत) एवढा बदल’ इतकंच वेगळ्या कागदावर येतं. तो अमुक नोड शोधायला मूळ फाइलीत सूची लागते. ती सूची म्हणजे सिम्बॉल्स नावाचा नोड. बेस डीटीबी कंपाइल करताना डीटीसीला -@ दिलं तरच तो तयार होतो. पाटी कोरी असेल तर ‘यूएआरटी४’ हे लेबल कुठल्या नोडचं, हे यू-बूटला कळायला मार्ग नाही. अशा वेळी यू-बूट नॉटफाउंडची एरर देतो आणि खाली सांगतोही, की बेसमध्ये सिम्बॉल्स नोड नाही, -@ लावून कंपाइल केलंय का बघा. इतकी सरळ एरर यू-बूटमध्ये क्वचितच मिळते. -@ मुळे डीटीबी चांगलीच फुगते, म्हणून कर्नल सगळ्या बोर्डांना ते आपोआप लावत नाही. बिल्डमध्ये आपणच सांगायचं.

आता मुख्य प्रश्न: हे बूटलोडरमध्येच का? लिनक्स चालू झाल्यावर ओव्हरले का चढवू नये?

बीगलबोनच्या केप बोर्डांसाठी (वर बसणाऱ्या जोड-पाट्यांसाठी) पँटेलिस अँटोनिऊ यांनी केलेल्या कामातून ओव्हरलेचा कोड कर्नलमध्ये आला, ३.१९ पासून तो मुख्य शाखेत आहे. पण तो कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरांनी वापरायचा. यूजरनं फाइल टाकावी आणि ओव्हरले चढावा असा कॉन्फिग-एफएसचा रस्ता मुख्य शाखेत कधी आला नाही. बोर्ड विकणाऱ्यांच्या कर्नलमध्ये तो पॅच असतो, पण त्यावर धंदा उभा करायला माझं मन होत नाही. चढवलेला ओव्हरले काढायचं तर आणखी अवघड, मेमरी पूर्ण सुटत नाही. आणि काही गोष्टी कर्नल बूट होताना एकदाच वाचतो. यंत्रांना क्रमांकाची टोपणनावं देणारा एलियास नोड त्यातलाच एक. कुठलं घड्याळ आरटीसी० (पहिलं घड्याळ) व्हायचं हे कर्नल सुरुवातीलाच ठरवून मोकळा होतो. मग मागाहून कितीही ओव्हरले चढवा.

यू-बूटमध्ये ‘एफडीटी अप्लाय’ २०१६ मध्ये आलं, मॅक्सिम रिपार यांच्या पॅचमधून. तिथं हे प्रश्नच नाहीत. कर्नल अजून उठलेला नाही, डीटीबी म्हणजे रॅममधले थोडे बाइट. हवे तसे बदलायचे आणि पूर्ण झालेलं झाड कर्नलला द्यायचं. त्याला ओव्हरले होता हेही कळत नाही.

क्रम असा: बेस डीटीबी रॅममध्ये ‘लोड’ करायची, ‘एफडीटी ॲड्र’नं यू-बूटला तिचा पत्ता द्यायचा, ‘एफडीटी रीसाइझ’नं शेपटाला मोकळी जागा करायची, ओव्हरले दुसऱ्या पत्त्यावर लोड करून ‘एफडीटी अप्लाय’, आणि शेवटी कर्नल उठवणारं ‘बूट-झेड’. यू-बूटच्या बांधणीत ‘ओएफ लिबएफडीटी ओव्हरले’ हा पर्याय चालू हवा. रीसाइझ विसरलात तर नोस्पेस एरर येते. आणि रीसाइझला दिलेला आकडा यू-बूट हेक्समध्ये वाचतो, म्हणजे सगळीकडे दिसणारं ‘रीसाइझ ८१९२’ हे आठ केबी नसून ३३,१७० बाइट आहेत. जास्त जागा मिळते म्हणून कुणाची तक्रार नसते, इतकंच.

आमच्या कार्डाच्या फॅट पार्टिशनवर (इथला फॅट दुधाचा नव्हे, विंडोजलाही वाचता येणारी फाइल-पद्धत) एक मजकुराची फाइल असते. तिच्यात एकच ओळ: ओव्हरले बरोबर, आणि पुढे नावं. फॅट मशीन यूएआरटी४ वर, डिस्प्ले ४८५ वर, वगैरे. फील्डवरचा आमचा मुलगा कार्ड लॅपटॉपला लावतो, नोटपॅडमध्ये ओळ बदलतो, परत लावतो. यू-बूट ती फाइल लोड करून ‘एन्व्ह इम्पोर्ट’नं वाचतो आणि फॉर लूपमध्ये एकेक ओव्हरले चढवतो.

त्या इम्पोर्टला दोन गोष्टी जोडायलाच हव्यात. पहिली, -टी (मजकूर म्हणून वाच) सोबत -आर. नोटपॅड ओळीच्या शेवटी विंडोजचं जास्तीचं चिन्ह घालतं. -आर नसेल तर ते चिन्ह शेवटच्या नावाला चिकटतं आणि यू-बूट अस्तित्वात नसलेली फाइल शोधत बसतो. स्क्रीनवर नाव अगदी बरोबर दिसतं, म्हणून माणूस चक्रावतो. दुसरी, कमांडच्या शेवटी व्हेरिएबलचं नाव द्यायचं, म्हणजे तेवढंच आत येतं. नाहीतर त्या फाइलीत कुणी बूट-कमांडही लिहून ठेवू शकतो. गावात कुणी मुद्दाम करेल असं नाही. पण कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतं.

बीगलबोनची स्वतःची पद्धत याहून हुशार आहे. प्रत्येक केपवर ईईप्रॉम (ओळख साठवणारी छोटी मेमरी) असतो, आयटूसीवर हेक्स ५४ ते ५७ या पत्त्यांत. बूटलोडर तो वाचून केप ओळखतो आणि ओव्हरले निवडतो. आमच्या कामाला ती पुरत नाही. सिरियल वायरच्या पलीकडे कुठलं फॅट मशीन आहे हे कुठला ईईप्रॉम सांगणार? म्हणून मजकुराची फाइल. घड्याळ मात्र आयटूसीवर असल्यानं ते ओळखता येतं: ‘आयटूसी डेव्ह २’, मग ‘आयटूसी प्रोब ६८’. उत्तर आलं तर घड्याळाचा ओव्हरले चढवायचा. त्याचं नाव फाइलीत लिहायची गरजच नाही.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. बोर्डाच्या स्वतःच्या आरटीसीला, म्हणजे आतल्या घड्याळाला, बॅटरी नाही. लाईट गेली की वेळ गेली. दूध सकाळी आणि संध्याकाळी येतं आणि पावती सत्राप्रमाणे निघते. बॉक्सला तारीखच नीट कळली नाही तर संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात पडतं. मग फोन येतो: “ताई, ह्ये तुमचं मशीन कालची तारीख काढाय लागलंय की. लोकं माझ्या अंगावर यालीत.” सेक्रेटरी काकांचं बरोबरच असतं. पंधरा दिवसांचा हिशेब त्या पावत्यांवर होतो.

म्हणून बाजारात मिळणारं डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं छोटं मॉड्यूल आयटूसी-२ ला लावतो, पी९ हेडरच्या १९ आणि २० नंबरच्या पिनांवर. त्याला ३.३ व्होल्टच द्यायचे. मॉड्यूलवरचे पुल-अप (लाइन वर धरून ठेवणारे रोध) त्याच्याच सप्लायला जोडलेले असतात आणि बीगलबोनच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. याच मॉड्यूलवर एक ईईप्रॉमही असतो आणि तो नेमका हेक्स ५७ वर बसतो, म्हणजे केपच्या पत्त्यांच्या रांगेत. केपच्या ईईप्रॉमची सुरुवात एए ५५ ३३ ईई अशी ठरलेली असते, ती जुळत नाही म्हणून तो केप समजला जात नाही. पण बूटच्या ओळींत ५७ वर काहीतरी सापडलं असं दिसलं तर दचकू नका.

ओव्हरलेत आयटूसी-२ खाली घड्याळाचा नोड घालणं सोपं. अडचण त्यानंतरची. सिस्टिमची वेळ आरटीसी० कडून घेतली जाते आणि आरटीसी० होऊन बसतं बोर्डाचं बिनबॅटरीचं घड्याळ. एलियास बदलायला हवं. एलियासमध्ये लेबल न लिहिता नोडचा पूर्ण पाथ लिहावा लागतो. साध्या डीटीएसमध्ये लेबल दिलं की कंपायलर पाथ भरून देतो, पण ओव्हरले कंपाइल होत असताना बेस समोर नसतो, त्यामुळे कंपायलरला खरा पाथ माहीतच नसतो. पाथ हातानं लिहावा तर तो कर्नलगणिक बदलतो. जुन्या कर्नलमध्ये आयटूसी-२ थेट ओसीपीच्या खाली होतं, नव्यात इंटरकनेक्ट, सेगमेंट, टार्गेट मॉड्यूल असे तीन मजले उतरून जावं लागतं.

यावरचा उपाय यू-बूटमध्येच आहे आणि मला तो फार आवडतो. घड्याळाच्या नोडला ओव्हरलेत एक लेबल द्यायचं आणि ओव्हरलेही -@ लावून कंपाइल करायचा. अप्लाय झाला की ते लेबल बेसच्या सिम्बॉल्स नोडमध्ये जाऊन बसतं, आणि तिथं त्याची किंमत असते खरा, पूर्ण पाथ. मग ‘एफडीटी गेट व्हॅल्यू’नं तो पाथ एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि ‘एफडीटी सेट’नं एलियास नोडमध्ये आरटीसी० च्या पुढे ठेवायचा. दोन ओळी. कर्नल कुठलाही असो, पाथ आपोआप बरोबर. लिनक्स चालू झाल्यावर हे करायला गेलं तर वेळ टळून गेलेली असते.

यूएआरटीची गोष्ट त्यामानानं साधी. यूएआरटी४ पी९ च्या ११ आणि १३ वर येतो, पिनमक्स (कुठल्या पिनेला कुठलं काम) लावायचा, स्टेटस ‘ओके’ करायचं, बाहेर मॅक्स३२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप बसवून आरएस-२३२ करायचं. ४८५ ला वायरवर बोलायची पाळी कुणाची हे ठरवणारी पिन लागते, तिचेही गुणधर्म ओव्हरलेतच. यूएआरटी५ मात्र एचडीएमआयच्या पिनांवर आहे. आमच्या बॉक्सला स्क्रीन नाही, म्हणून एचडीएमआय बंद करून त्या पिना घ्यायच्या. इथं नवीन माणूस बेसमधला नोड डिलीट करायला जातो. डीटीएसमध्ये डिलीट-नोड चालतं, पण ओव्हरलेला फक्त भर घालता येते किंवा किंमत बदलता येते, मूळ झाडातलं काही काढता येत नाही. म्हणून एलसीडी कंट्रोलरचं स्टेटस ‘डिसेबल्ड’ करायचं, विषय संपला.

आता बिघाडाचं. बॉक्स पहाटे दूध यायच्या आत उठला पाहिजे. एखाद्या ओव्हरलेमुळे तो अडून बसला तर शेजारच्या तालुक्यातल्या गावात तेवढ्यात कुणी पोचू शकत नाही. अप्लाय अर्ध्यात फसला तर लिबएफडीटी (यू-बूटमधली डीटीबी हाताळणारी लायब्ररी) बेस आणि ओव्हरले दोन्ही बाद ठरवते, दोघांच्या सुरुवातीची ओळखखूणच पुसून टाकते. हे योग्यच आहे, अर्धवट बदललेलं झाड कर्नलला देण्यापेक्षा न दिलेलं बरं. पण याचा अर्थ असा, की फसल्यानंतर तसंच पुढे ‘बूट-झेड’ केलं तर काहीच होणार नाही. स्क्रिप्टमध्ये अप्लाय नेहमी इफच्या आत हवा, आणि फसला तर बेस डीटीबी कार्डावरून नव्यानं लोड करून रीसाइझपासून सुरुवात. आमची स्क्रिप्ट तेव्हा एकही ओव्हरले न चढवता बूट करते आणि कर्नलच्या कमांड लाइनवर एक शब्द टाकते. तो दिसला की आमचा प्रोग्राम प्रिंटरवर ‘जोडणी तपासा’ छापतो. प्रिंटर यूएसबीवर आहे, त्याला कुठलाच ओव्हरले लागत नाही. वजन हातानं टाइप करून का होईना, संकलन चालू राहतं.

कर्नल उठल्यावर कोसळला तर हे पुरत नाही, तिथं यू-बूटचा बूटकाउंट लागतो: ठरावीक वेळा बूट फसला की ‘ऑल्टबूटकमांड’ ही पर्यायी कमांड चालते. या चिपवर तो आकडा आरटीसीच्या रजिस्टरमध्ये ठेवायची सोय आहे. पण बॅटरी नाही हे वर सांगितलंच. लाईट गेली की मोजणी शून्यावर, आणि आपल्याकडे लोक मशीन अडकलं की पहिल्यांदा स्विचच बंद-चालू करतात. म्हणून मोजणी एन्व्हायर्नमेंटमध्ये (यू-बूटनं कार्डावर जपलेल्या व्हेरिएबलांत) ठेवायची, तीही फक्त ‘अपग्रेड अव्हेलेबल’ लावलेलं असताना. नाहीतर रोजच्या प्रत्येक बूटला कार्डावर लिहिणं आलं.

एका गोष्टीवरून आमच्या खोलीत बराच वाद झाला. पावती काही गावांत मराठीत हवी, काही गावांत कन्नडमध्ये, काही ठिकाणी दोन्ही. ओव्हरलेची फाइल गावागणिक बदलतेच आहे, तर भाषाही तिच्यातच टाकू, चोजन नोडमध्ये (बूटलोडर कर्नलला निरोप देतो त्या नोडमध्ये) एक गुणधर्म वाढवला की झालं, असा आग्रह होता. “काय बिघडतंय गा त्यात?” मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणते. डिव्हाइस ट्रीत फक्त वायर कुठं गेली आहे हे असावं. भाषा, दर, सत्राची वेळ ही माणसांनी ठरवायची गोष्ट आहे, ती केंद्राच्या सेटिंगमध्ये. उद्या पंच कमिटीनं पावतीची भाषा बदलली तर त्यासाठी कार्ड काढून बूटलोडरची फाइल उघडायची?

बेस डीटीबी आणि सगळे ओव्हरले एकाच कर्नल बिल्डमधून काढायचे आणि एकाच फोल्डरमधून कार्डावर जायचे, हा आमचा नियम आहे. लेबलं बदलतात आणि जुना ओव्हरले नव्या बेसवर चढला तरी योग्य काम करेलच असं नाही. बिल्डच्या शेवटी ‘एफडीटी-ओव्हरले’ हे लॅपटॉपवर चालणारं साधन प्रत्येक जोडी लावून बघतं, फसलं तर बिल्डच फसतो. बाहेरच्या फाइली नकोत, सही केलेली इमेजच हवी असं एखाद्या गिऱ्हाइकानं म्हटलं तर ओव्हरले फिट इमेजच्या (कर्नल, डीटीबी सगळं एकत्र बांधणाऱ्या एका फाइलीच्या) आत घालायचे आणि ‘बूट-एम’ला पत्त्याच्या पुढे # लावून कॉन्फिगरेशनची नावं द्यायची. सुटी फाइल सहीच्या बाहेर राहते, हे लक्षात ठेवा.

आणि नवीन बोर्ड हातात घेतलात तर सगळ्यात आधी हे बघा. बीगलबोन ब्लॅक सुरू होताना, एस२ बटण दाबलेलं नसेल तर, पहिल्यांदा आतल्या ईएमएमसीकडे (बोर्डावरच्या कायमच्या साठवणीकडे) जातो. तिथं कारखान्यातून आलेला यू-बूट असतो. तो उठतो, तुमच्या कार्डावरच्या फाइली सापडल्या तर त्या उचलतो आणि तुम्हाला वाटतं आपलाच यू-बूट चालतोय. तो जुना असेल तर त्याला ‘एफडीटी अप्लाय’ ठाऊकच नसतं. कार्ड कितीदाही नव्यानं लिहा, फरक पडत नाही. आम्ही नव्या बोर्डाच्या ईएमएमसीची सुरुवातीची १० एमबी डीडी या लिनक्स कमांडनं शून्य करून टाकतो, मग त्याला कार्डाकडे वळण्याशिवाय पर्याय राहत नाही. तरीही फील्डवरच्या मुलाला सांगून ठेवलंय: सिरियल केबल जे१ ला लाव, वेग १,१५,२००, बूट थांबव आणि ‘व्हर्जन’ टाइप करून बांधणीची तारीख मला वाचून दाखव. बाकी काय बिघडलंय ते नंतर बोलू.